बापाकनं राखून ठेवलेला तुकडा

नवऱ्याला ‘हे’ म्हणायची माझी सवय इंग्लंडात इतकी वर्षं राहूनही गेली नाही, तेव्हा इथंही तसंच लिहिते. हे सिव्हिल इंजिनिअर होते. आम्ही बेसिंगस्टोकला राहायचो. हे तिथल्याच एका फर्ममध्ये आणि मी पब्लिक लायब्ररीत काउंटरवर. १९८८ साली त्यांच्या फर्मला जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, एका कोळ्यांच्या गावी, मासळी उतरवायचा छोटा धक्का बांधायचं काम मिळालं आणि यांना दीड वर्षासाठी तिकडं पाठवलं. मुलगी तेव्हा ए-लेव्हल्स करत होती, म्हणून मी मागे राहिले. थोडी खुशीतच राहिले, हेही कबूल करते. वीस वर्षांत पहिल्यांदा टीव्हीचा रिमोट माझ्या हातात आला होता.

यांचं मूळ गाव वऱ्हाडात. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इंग्लंडला येताना, विमानाच्या खिडकीतून. असा माणूस जाऊन पडला तो थेट लाटांच्या पुढ्यात. पत्रं यायला लागली ती धक्क्याबद्दल कमी आणि गावाबद्दलच जास्त. ज्यांच्या घराच्या मागच्या खोलीत हे भाड्यानं राहत होते त्या घरमालकांना हे ‘बापाक’ म्हणायचे. तिकडं वडीलधाऱ्या माणसाला तसंच म्हणतात, हाक मारताना नुसतं ‘पाक’, आणि बाईला ‘इबू’. बापाकची एक होडी होती, माडांची एक वाडी होती, आणि इबू बांबूच्या ताटव्यांवर मासे वाळवून बाजारात पाठवायची. पत्रात हे सगळं इतकं तपशिलानं यायचं की मुलगी म्हणाली, “आई, बाबाला तिथं नवीन फॅमिली मिळाली.” ती हसत म्हणाली आणि मीही हसले.

८९च्या उन्हाळ्यात मी महिनाभर तिकडं गेले. काळपट वाळू, रंगवलेल्या होड्या, दोन्ही बाजूंना बांबूचे हात पसरून उभ्या असलेल्या. सुकटीचा वास नाकात असा बसला की इंग्लंडला परतल्यावरही स्वेटरला येत होता. संध्याकाळी रस्त्यानं जाताना जो तो विचारायचा, आंघोळ झाली का? पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्या अंगाला वास येतोय की काय. यांनी समजावलं की आपण ‘काय, कसं काय’ म्हणतो ना, तसंच ते. मग दुसरा प्रश्न यायचा, धर्म कोणता? हे सांगायचे, बौद्ध. लोक मान हलवायचे. कुणी म्हणायचं, बसनं दिवसभर गेलं की बुद्धाचं मोठं दगडी देऊळ आहे, आमच्याच पूर्वजांनी बांधलेलं. आणि तिथं विषय संपायचा.

“बघितलंस? इथं तिसरा प्रश्न येतच नाही,” हे मला म्हणाले.

तिसरा प्रश्न म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. लंडनच्या हॅरो भागात कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेलं तरी आडनाव झाल्यावर ‘मूळचे कुठले तुम्ही?’ येतंच, आणि गाव सांगितलं की ‘म्हणजे गावात नेमकं कुठं?’ हेही येतं. साखर घालून विचारतात, पण विचारतात. यांनी लंडनच्या जयंतीत भाषणं केली, मंडळाच्या मीटिंगा केल्या, कुणाला घाबरून कधी आडनाव लपवलं नाही. पण त्या गावात हे नुसत्या लुंगीवर बापाकच्या पायरीवर बसून नारळ सोलताना मी पाहिले आणि मला वाटलं, हा माणूस खांदे इतके खाली सोडून कधी बसलाच नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मला हेवा वाटला. वीस वर्षांच्या संसारात जे मला जमलं नाही ते एका सुकटीच्या गावानं केलं होतं.

धक्क्याचं काम संपलं, हे परत आले आणि घरात जमिनीचं वेड शिरलं. बापाकच्या वाडीच्या टोकाला, ओढ्यापलीकडे एक तुकडा होता. डझनभर माड, समोर समुद्र. रिटायर झालं की तिथं दोन खोल्या बांधायच्या आणि राहायचं. मी म्हटलं, आहे की घर आपलं, तीन बेडरूमचं, मागं गार्डनसकट. तर म्हणाले, “ते गार्डन आहे, जमीन नव्हे. चार पावलं टाकली की शेजाऱ्याचं कुंपण. कार्पेटच्या मापाची गोष्ट सांगतेस.”

“दुरून डोंगर साजरे,” मी म्हटलं.

“दुरून कुठं? दीड वर्ष राहिलोय मी त्या डोंगरावर.”

९१ साली सुट्टी काढून आम्ही दोघं परत गेलो, ते या तुकड्यासाठीच. बापाक आम्हाला गावच्या कचेरीत घेऊन गेले. टेबल, एक पंखा, आणि कपाटातून काढलेली जुनी जाड वही. कारकुनानं ती उघडली. खातेदाराचं नाव, तुकड्याचा नंबर, ओली जमीन की कोरडी, किती कर. यांनी ते पान बघितलं आणि माझ्या दंडाला धरून म्हणाले, “अगं, सातबारा. अगदी सातबारा आहे हा.” कारकुनानं मग सावकाश सांगितलं की ही नुसती कराची वही आहे, मालकीचा खरा कागद शहरात मिळतो, आणि तो परदेशी माणसाच्या नावानं निघत नाही. या वहीतही परक्याचं नाव चढत नाही. यांचं तिकडं लक्षच नव्हतं. हे तेवढ्या एका रकान्याकडं बघत होते, जिथं नाव लिहायचं होतं.

बापाकनी सोपा मार्ग काढला. जमीन त्यांच्याच नावावर राहू दे. घर तुम्ही बांधा, तुम्ही राहा, तुमच्यानंतर मुलगी राहील. मी शब्द देतो, माझी बायको देते, माझी मुलं देतील. दुसऱ्या गावांत परदेशी लोक असंच करायला लागले होते म्हणे. मला तर ते अगदी रास्त वाटलं. कुणीही शहाणा माणूस हो म्हणाला असता.

हे नाही म्हणाले.

बापाकना वाटलं, यांचा आपल्यावर विश्वास नाही. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांच्या ओसरीवर बसून हे तासभर त्यांना समजावत होते, जमेल तशा त्यांच्या भाषेत, मध्येच माझ्याकडं वळून मराठीत. विश्वासाचा प्रश्न नाही. माझे आजोबा आणि पणजोबा जन्मभर शेतात राबले. नांगर त्यांचा, घाम त्यांचा, आणि कागदावर नाव दुसऱ्याचं. देणारे सगळेच काही वाईट नव्हते. त्यातलाही एखादा म्हणायचाच, नाव माझं असलं म्हणून काय झालं, कस की तू, तुझीच आहे. “आता पुन्हा दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीत मी घर बांधू? मग एवढं शिकून उपयोग काय?” हे मला म्हणाले, जणू मीच तो कायदा केला होता.

बापाकना त्यातलं किती कळलं, देव जाणे. पण माणूस शहाणा. म्हणाले, कायदे माणसंच करतात, माणसंच बदलतात. नियम बदलणार असं शहरातले लोक बोलतात. तोवर हा तुकडा मी कुणाला विकणार नाही. तो तुमच्यासाठी राखला. मग त्यांनी यांचा हात हातात घेतला आणि तिकडच्या रीतीप्रमाणे तोच हात स्वतःच्या छातीला लावला. पैसे नाहीत, कागद नाही, काही नाही. एवढाच तो व्यवहार.

मला मनातून हायसं वाटलं. कायदा बदलायला जितकी वर्षं लागतील तितकं बरं, असा माझा हिशेब. मला त्या गावात म्हातारपण काढायचं नव्हतं. मला बेसिंगस्टोकची सवय झाली होती, सेंट्रल हीटिंगची, लायब्ररीतल्या माझ्या खुर्चीची. पण हे मी त्यांना सरळ कधी सांगितलं नाही. त्याऐवजी टोमणे मारत राहिले.

पुढची तीन-चार वर्षं हे ग्राफपेपरवर घराचे नकाशे काढायचे. स्वयंपाकघर समुद्राच्या बाजूला की वाडीच्या, यावरून आमची खरी भांडणं व्हायची. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. फक्त आमच्यात भट-भटीण नव्हते, एवढाच फरक. मी म्हणायची, समुद्राकडे नको, खारं वारं लागून सगळी भांडी गंजतील. हे खोडरबरानं पुसायचे आणि पुन्हा काढायचे. बापाकची पत्रं वर्षातून दोनदा यायची, निळ्या पातळ कागदावर. हे ती संध्याकाळी चहा पिताना वाचून मराठीत सांगायचे. अमका माड पडला. ओढ्यावर लाकडी पूल झाला. इबूचा गुडघा दुखतो. शेवटी नेहमी एकच ओळ, तुमचा तुकडा आहे तसा आहे.

९५च्या ऑगस्टमध्ये यांना पोटाचा कॅन्सर निघाला. फार काही करण्यासारखं उरलं नव्हतं. जानेवारीत हॉस्पिटलात ठेवलं. एक दिवस दुपारी चहाची ट्रॉली येऊन गेल्यावर हे मला म्हणाले, “बापाकला लिही. वाट बघू नका म्हणावं. जमीन राखून बसतील बिचारे.”

मी म्हटलं, “तुम्हीच लिहा की घरी आल्यावर. मला कुठं येते त्यांची भाषा.”

“इंग्लिशमध्ये लिही. गावात शाळामास्तर आहे, तो वाचून दाखवेल. लिहिशील ना?”

“लिहीन,” मी म्हटलं, आणि उशी नीट केली.

फेब्रुवारीत हे गेले. ब्रिस्टलहून मुलगी आली, हॅरोहून लोक आले, हॉलमध्ये पुण्यानुमोदन झालं. ज्या कुणाला कळवायचं होतं त्यांना मी कळवलं. बँक, पेन्शन, कौन्सिल, भारतातले सगळे. डेथ सर्टिफिकेटच्या कॉप्या संपल्या म्हणून पुन्हा मागवल्या. एवढी पत्रं लिहिणारी मी, एक पत्र तेवढं लिहिलं नाही.

उन्हाळ्यात बापाकचं पत्र आलं. पाकिटावर यांचं नाव. मी ते फोनच्या टेबलाखाली डिरेक्टऱ्यांच्या मागं ठेवून दिलं. पुढच्या वर्षी दुसरं आलं, तेही तिथंच. ९८च्या शरदात तिसरं आलं. ते मात्र मी ठेवत असताना मुलगी वीकएंडला घरी आलेली होती आणि तिनं बघितलं.

“आई, हे काय आहे? बाबाचा लेटर्स? तू ओपनच नाही केला?”

“मला कुठं वाचता येतं ते?”

“कुणाला तरी विचारायचं ना. अडीच वर्षं झालं. त्यांना माहितीच नाही? दॅट्स क्रुएल, आई.”

मुलीचं मराठी मोडकं आहे, पण शब्द बरोबर लागला. मी तिला म्हटलं, तुला नाही कळायचं. आणि मग खरं ते तोंडून निघालं, जे तोवर मी स्वतःशीही बोलले नव्हते. या बेसिंगस्टोकमध्ये पोस्टमनपासून डेंटिस्टपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की हे गेले. सगळ्या जगात फक्त त्या एका गावात हे अजून येणार होते. तिथं यांची जागा राखलेली होती, कुणीतरी वाट बघत होतं. मी एक पत्र टाकलं की हे तिथूनही जाणार होते. मला ते होईना. मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. पण जाताना ती तिन्ही पत्रं माझ्या पर्समध्ये ठेवून गेली.

आमच्या लायब्ररीत एक इंडोनेशियन बाई मुलांना घेऊन यायची. नवरा इंग्रज, शाळेत शिक्षक. मी तिला विचारलं, तर म्हणाली, या उद्या दुपारी. तिच्या किचनमध्ये, मागं वॉशिंग मशिन चालू असताना, तिनं ती तिन्ही पत्रं मला एकापाठोपाठ एक इंग्लिशमध्ये वाचून दाखवली.

पहिलं नेहमीचंच. पाऊस बरा झाला, इबूचा गुडघा तसाच, तुमचं पत्र बरेच दिवसांत नाही, प्रकृती बरी ना? तुकडा आहे तसा आहे.

दुसरं लांब होतं. शहरातली एक कंपनी हॉटेल बांधायला सगळा किनारा घेतेय. गावातल्या बहुतेकांनी विकलं. वरचे लोक येऊन सांगून जातात की अडून बसू नका. त्यांना माझी वाडी हवी आहे, तुमचा तुकडाही हवा आहे. तुम्ही विका म्हणालात तर विकतो आणि जे येईल ते तुम्हाला देतो. तुम्ही ठेव म्हणालात तर ठेवतो. लवकर कळवा. तुमचं काही उत्तर आलं नाही तर मी असं धरेन की तुम्हाला जमीन हवीच आहे.

ती बाई वाचता वाचता थांबली. “उत्तर दिलं होतंत?” तिनं विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. तिनं मशिन बंद केलं आणि तिसरं पत्र उघडलं.

तुमचं उत्तर आलं नाही. कंपनीला माझी वाडी नाहीतर तुमचा तुकडा, दोन्हींतलं काहीतरी द्यावंच लागणार होतं. मग मी माझी वाडी आणि राहतं घर दिलं आणि तुमचा तुकडा ठेवला. त्यानंतर देशात पैशाची काय दशा झाली ती तुम्ही वाचली असेल. कंपनी कुंपण घालून निघून गेली, हॉटेल काही झालं नाही. जे पैसे आले होते त्यात आता तांदूळसुद्धा फार येत नाही. मुलं शहरात कामाला गेली. होडी विकली. पाक, एका गोष्टीची तुमच्याजवळ माफी मागायची आहे. आम्हाला राहायला जागा उरली नाही म्हणून तुमच्या तुकड्याच्या कडेला आम्ही एक लहानशी झोपडी घातली आहे. तुम्हाला न विचारता घातली. माडांना धक्का लावलेला नाही. समोरची जागा तुमच्या घरासाठी मोकळी सोडली आहे. तुम्ही याल तेव्हा आम्ही झोपडी काढून घेऊ.

मी त्या बाईच्या किचनमध्ये ओक्साबोक्शी रडले. यांच्या घराण्यात आजवर कुणाला कुणी अशी परवानगी मागितली नव्हती. आमचीच माणसं मागत आली, गावाच्या कडेला चार कुडाच्या भिंती घालू का, म्हणून. इथं एक माणूस आपलं राहतं घर देऊन, आपल्याच मालकीच्या जमिनीवर, यांची माफी मागत होता. आणि ते वाचायला हे नव्हते. आणि ते सगळं माझ्या आळसानं म्हणा, भित्रेपणानं म्हणा, झालं होतं. एक पत्र वेळेवर टाकलं असतं तर त्या म्हाताऱ्यानं तो तुकडा देऊन टाकला असता आणि आपल्या घरात राहिला असता. मी टोमणे मारून मारून जी जमीन नको म्हणत होते, तिच्यापायी त्यांचं घर गेलं.

तिथंच बसून मी उत्तर सांगितलं आणि तिनं ते तिच्या भाषेत लिहिलं. हे गेले. पोटाचा आजार होता. तुमची आठवण शेवटपर्यंत काढत होते. तो तुकडा तुमचाच आहे, होताच. झोपडी काढू नका, तिथं चांगलं घर बांधा. सोबत थोडी मदत पाठवतेय, ती नाही म्हणू नका.

“कधी गेले, ते लिहू?” तिनं विचारलं.

मी टेबलावरच्या त्या तीन निळ्या कागदांकडं बघितलं. तारीख लिहिली की दुसरं पत्र आलं तेव्हा ते वाचायला इथं कोण होतं, हे त्यांना कळणार. कोणी उघडलं नाही, हेही कळणार.

“नको,” मी म्हटलं. “नुसतं गेले, एवढंच लिहा.”

तिनं माझ्याकडं बघितलं आणि तसंच लिहिलं.

जानेवारीत उत्तर आलं. तीच बाई वाचायला. या खेपेला पाकिटावर माझं नाव होतं, इबू म्हणून. एवढ्या मोठ्या दुःखात तुम्ही आठवणीनं लगेच कळवलंत, त्याबद्दल आम्ही तुमचे फार आभारी आहोत, असं बापाकनी लिहिलं होतं. आमच्याकडं माणूस गेला की तिसऱ्या, सातव्या आणि चाळिसाव्या दिवशी गावाला जेवायला बोलावून प्रार्थना करतात. पाकना इथं दुसरं कुणी नाही, म्हणून आम्ही केली, त्यांच्याच जमिनीवर. पत्रात दिवस लिहिलेला नव्हता, तेव्हा पत्र हातात पडलं तो दिवस पहिला धरला. मोजण्यात चूक झाली असेल तर इबूंनी माफ करावं. आता शंभरावा दिवस येईल, तोही करू. नेमकी तारीख कळवलीत तर बरं होईल.

यांना जाऊन तोवर हजारावर दिवस झाले होते. मी तारीख कळवली नाही. पुढं दोन महिन्यांनी त्यांचं दोन ओळींचं पत्र आलं, की शंभरावा दिवस झाला, पाऊस होता तरी सगळं गाव आलं होतं.